भट्टीवरची साक्ष

हिंदी मुलखातल्या उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीत, एका रोलिंग मिलमध्ये यज्ञेश्वर क्रेन चालवायचा. त्याची केबिन छपराच्या पत्र्याला लागून, भट्टीच्या जवळजवळ डोक्यावर. खालून तापलेल्या लोखंडाची धग आणि वरून मे महिन्याचं ऊन. केबिनमधला एसी बंद पडून दुसरा उन्हाळा चालला होता. शिफ्ट इन्चार्ज भार्गवला सांगितलं की तो म्हणायचा, "ऊपर बोल दिया है, आ जाएगा." तोवर एक पंखा होता, तो गरम हवाच तोंडावर फेकायचा.

वसाहतीला लागूनच असलेल्या बीरगांवातल्या घरीही कोणी नव्हतं. बायको वनमाला मुलीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेली, ती तिकडेच राहिली. तिला दमा होता आणि बीरगांवच्या धुरात परत यायचं तिच्या जिवावर यायचं. फोनवर म्हणायची, "तुमीच या ना इकडे." तो म्हणायचा, "पाहू." मग कोणीतरी फोन ठेवायचा.

दिवसभरात त्याला जवळचा असा एकच माणूस होता, तोही चांगला दोन मजले खाली. सुशील. तापलेला माल साखळीला अडकवायचा आणि वर पाहून हातानं इशारे करायचा. उचल, थांब, डावीकडे घे, सोड. मिलच्या आवाजात ओरडून काही ऐकू जात नसे, म्हणून सगळं बोलणं हातांचं. सुशील मूळचा आमगावचा. बायको सत्यभामासोबत तोही बीरगांवातच राहायचा. सुट्टी झाल्यावर दोघं गेटपर्यंत बरोबर चालायचे, तेव्हा मात्र फारसं बोलत नसत. गरजच वाटत नसे.

त्या दुपारी शहरात उन्हाचा लाल इशारा होता. शाळा बंद, पंडरी बाजारातली दुकानंही अर्धी शटर ओढून बसलेली. मिल चालूच होती. जेवणानंतर यज्ञेश्वरनं माल उचलला आणि खाली पाहिलं, तर सुशीलचा हात 'उचल' सांगत होता. माल तर उचललेलाच होता. मग हात 'सोड' म्हणाला. खाली माणसं होती. यज्ञेश्वरनं क्रेन थांबवून भोंगा दाबला. सुशील चालत लोंबत्या मालाच्या खालीच आला, उभा राहिला आणि हळूहळू बसला. आपल्या अंगणात बसावं तसा.

"रोका क्यों?" भार्गव खालून हात हलवत होता.

लोंबता माल सोडून केबिनबाहेर पडता येत नाही. यज्ञेश्वरनं तो इंच इंच बाजूला नेला, रिकाम्या जागेवर टेकवला आणि मगच शिडी उतरला. लोखंडी शिडीचे चटके हाताला लागत होते. तो खाली पोहोचला तोवर सुशील आडवा झाला होता. अंग तापलेलं, पण घामाचा एक थेंब नाही.

"सुशील, मी आहो. यज्ञेश्वर."

"म्हैस सुटली," सुशील म्हणाला. "धरा तिले. कोणी धरून काहून नाही राहिलं?"

"धरली, बापू. बांधली."

कोणीतरी पिंपातलं पाणी आणलं, तेही कोमट होतं. बर्फ साऱ्या मिलमध्ये नव्हता. गाडी यायला वेळ लागला. संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला की सुशील गेला. मिलनं कळवलं, हृदयविकार.

थोड्या दिवसांनी कामगार खात्याच्या निरीक्षक आल्या. गंधाली त्यांचं नाव, शहरातल्या पुरानी बस्ती भागातल्या जुन्या मराठी घरातली मुलगी. त्यांनी भट्टीजवळ, केबिनमध्ये, सगळीकडे तापमान मोजलं. मग ऑफिसात एकेकाला बोलावलं. यज्ञेश्वर आत गेला तेव्हा सत्यभामा तिथे बसली होती.

"सुशीलला काही आजार होता?" गंधालीनं तिला विचारलं.

"त्यायले छातीचा त्रास होता," सत्यभामा म्हणाली. तिनं यज्ञेश्वरकडे पाहिलं नाही.

त्यानं आयुष्यात कधी सुशीलला छाती धरताना पाहिलं नव्हतं. ती निघून गेल्यावर त्यानं आपण वरून जे पाहिलं, ते सांगितलं. गंधालीनं ऐकून घेतलं.

"काका, कायद्यात लिहिलंय की कामाच्या जागी सोसवेल असं तापमान ठेवा. किती म्हणजे सोसवेल, ते लिहिलेलं नाही. मालक म्हणतात, एवढं सोसवतं. मी या मिलपुरता काही आदेश काढू शकेन. पण पक्का नियम व्हायचा तर बोलणारे लोक पाहिजेत. नवीन नियमावर सुनावणी आहे. याल तुम्ही?"

"येतो," तो म्हणाला. नाही म्हणायला त्याला काही सुचलं नाही.

दुसऱ्या महिन्यापासून सत्यभामा मिलच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागली. छातीच्या त्रासाचं ती कशाच्या बदल्यात बोलली, ते तेव्हा त्याला उमगलं. तिचा राग त्याला आला नाही. पण तिच्या हातचा चहा घ्यायला पुढे होणं त्याला जमेना.

ठेक्यावरच्या माणसांना सुनावणीचं कळलं, तसं तेही त्याच्यापासून सरकून बसू लागले. एक जण तोंडावर म्हणाला, "तुझं काय, तू परमनंट. दुपारी काम बंद झालं तर आमची अर्धी हजेरी जाईन. आमच्या पोटावर काहून पाय देतं?"

सुनावणीला तो एकटाच गेला. घरी त्यानं मोठ्यानं बोलून तयारी केली होती, पण तिथे माईक हातात आला आणि सगळं विसरला. "साहेब, वर लय गरम असते," एवढंच निघालं. मालकांच्या बाजूच्या वकिलानं विचारलं, "आप डॉक्टर हैं?" तो म्हणाला, "नाही." "तो फिर?" मागे कोणीतरी हसलं. तो खाली बसला आणि पुढचं काहीच त्याच्या कानात शिरलं नाही.

त्या रात्री वनमालाचा फोन आला. सुनावणीबद्दल त्यानं सांगितलं नाही. नातवाला दात आले, हे ऐकलं.

नियमाचं पुढे काही झालं नाही, चर्चा चालूच राहिली. गंधालीनं मात्र स्वतः मोजलेल्या तापमानावर मिलला आदेश दिला. लाल इशाऱ्याच्या दिवशी भट्टीच्या शेडमध्ये भर दुपारी काम बंद, हजेरी पूर्ण. थंड पाणी, बर्फ, विसाव्याची खोली, क्रेनच्या केबिनला एसी. कामगार म्हणाले, मॅडमनं केलं. यज्ञेश्वरचं नाव कोणी घेतलं नाही. भार्गवनं त्याला क्रेनवरून काढून भंगाराच्या यार्डात ट्रक मोजायला बसवलं. "आराम का काम है," म्हणाला. तिथे एक पत्र्याची टपरी होती. आदेश शेडपुरता होता. यार्डाचं त्यात नाव नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात लाल इशारा आला. दुपारी भोंगा झाला आणि मिल थांबली. एवढी शांतता त्यानं तिथे कधी ऐकली नव्हती. माणसं विसाव्याच्या खोलीत गेली. त्यांचं हसणं यार्डापर्यंत येत होतं. ट्रक मात्र येतच होते. यज्ञेश्वर डोक्यावर ओला दुपट्टा टाकून टपरीत बसला होता, तेव्हा सत्यभामा ताकाचा लोटा घेऊन उन्हातून आली.

"घ्या भाऊजी."

त्यानं लोटा घेतला. ती उभीच राहिली.

"छातीचा त्रास नव्हता त्यायले," ती म्हणाली.

"मले ठाऊक आहे."

"शेवटी काही बोलले का?"

वर्षभर तिनं हे विचारलं नव्हतं. त्यानं तिला म्हशीचं सांगितलं. ती खाली बसली, पदर तोंडाला लावला. "मोती होती तिचं नाव," ती म्हणाली. "आमी लग्नानंतर विकली."

लोटा रिकामा करून त्यानं सांगितलं, "पुढच्या आठवड्यात परत सुनावणी आहे. यार्डाचं बोलायचं आहे. येतं का?"

तिनं मान हलवली. "हे काम गेलं तर कुठं जाऊ मी?"

"हव. नको येऊ."

रिकामा लोटा घेऊन ती परत गेली.

सुनावणीच्या दिवशी तो पहाटेच आंघोळ करून निघाला. हॉलमध्ये शेजारची खुर्ची रिकामी होती, त्यावर त्यानं आपली पाण्याची बाटली ठेवली. पुढे गंधाली बसली होती. तिनं लांबूनच नमस्कार केला. नाव पुकारल्यावर तो उठला. त्यानं माईक घेतला. वकील तोच होता.

"मी डॉक्टर नाही," यज्ञेश्वरनं आधीच सांगून टाकलं. "सुशील नावाचा माणूस माझ्यासंग काम करत होता. तो कसा गेला, ते सांगतो. मग यार्डाचं सांगतो."

आणि त्यानं सांगितलं, अडखळत, मधेमधे थांबत. कोणी हसलं नाही. ऐकलं किती जणांनी, ते त्याला कळलं नाही. बोलून झाल्यावर तो बाहेर येऊन बीरगांवच्या बसची वाट पाहत उभा राहिला.