न्हाणीतली पांढरी रेघ

सहदेवने नळकांड्याचं टोक फरशी आणि भिंत मिळतात त्या सांध्यात टेकवलं, श्वास धरला आणि हत्याराचा घोडा दाबत उकिडवाच मागे सरकू लागला. सांधा बुजवायचा पांढरा लगदा सुतासारखा सरळ बाहेर येत होता. उंबऱ्याशी बसलेल्या हौसाने, त्याच्या आईने, पदर तोंडाशी नेला.

मिरजोळ्याच्या त्या घरातलं न्हाणं मागच्या दारी, कातळावर, माडाच्या झापांच्या आडोशाला. गेल्या पावसात शेवाळावरून हौसा घसरली आणि खुबा कायमचा दुखावला. म्हणून सहदेवने मुंबईहून रजेवर येऊन पडवीच्या टोकाला न्हाणी बांधली. पण आत न्हाणार नाही म्हणून म्हातारी हटूनच बसलेली. न्हाणीला लागून मातीची भिंत, भिंतीपलीकडे वर्षाचं भात. मातीत पाणी मुरलं की भिंत बसते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. उद्या सहदेवची रजा संपत होती, आणि आई आत न्हाली नाही तर पुन्हा त्या कातळावर जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने साबणाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात फिरवलं. कुठे फुगवटा नाही, कुठे खंड नाही. पोरगा 'हॉटेलात हाय' एवढंच हौसाला माहीत. तिला वाटे, कपबश्या विसळत असेल.

"हात जरापण हलला नाय रे तुजा," ती हळूच म्हणाली.

"हॉटेलात हेच काम माजं, आये. मोठ्या लोकांच्या न्हाण्या त्या. हात हलून चालत नाय."

"आनि तू न्हातोस त्यात?"

"मी? आमच्या चाळीत नळ हाय की," सहदेव हसला. "उद्यापर्यंत हात लावू नको हां. सुकू दे."

सकाळी त्याने दार ढकललं आणि तिथेच थबकला. रेघेवर ओळीने हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. नव्या चुलीला, नव्या कणगीला लावावी तशी हौसाने ती लावली होती, आणि कच्च्या लगद्यात चांगली रुतली होती. सहदेवचं डोकंच फिरलं.

"आये, काय करून ठेवलंस हे? इथनंच पाझरलं तर?"

"येवडी देखनी रेघ," हौसा म्हणाली. "तशीच कोरी ठेवू?"

त्याने न्हाणीत कळशीवर कळशी ओतली. पाणी त्या खळग्यांवर चढलं, तुंबलं आणि मोरीतून निघून गेलं. दोघं भाताच्या खोलीत गेली. हौसाने भिंतीला तळवा लावला, मग गाल लावला आणि तशीच उभी राहिली.

"कोरडी हाय," ती म्हणाली. देवळात बोलावं तसा तिचा आवाज खाली आला होता. "पानी तापव."

आतून कडी लागली. तांब्याचे आवाज आले आणि थांबले. बराच वेळ काहीच ऐकू येईना. एसटीची वेळ होत आली तसा सहदेव पिशवी खांद्याला लावून दाराशी आला.

"आये, बरी हायस ना?"

"बरी हाय रे." मग जरा थांबून आतून आवाज आला, "दार लावून न्हायाला कदी गावलंच नाय. बसू दे जरा."

सहदेवने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि दाराकडे पाठ करून पायरीवर बसला.