डाव्या कडेचा माणूस

मी एक जुना संगणक आहे. मात्र मित्रांनो, माझ्यावर कधी कुणी गृहपाठ केला नाही की पत्रे लिहिली नाहीत. घरातल्या माणसांना टीव्हीवर चित्रपट दाखवावेत, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. कॅनडातल्या थंडर बे गावातल्या एका लाकडी घरात, दिवाणखान्यातल्या टीव्हीखालच्या फळीवर मी राहतो.

मला कारखान्यात कुणी घडवले नाही. मला तौनो कांगासने घडवले. तो कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला फिटर होता. एका हिवाळ्यात, बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलेले असताना, त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरली आणि माझा एकेक भाग जोडायला घेतला. त्याची बायको लेम्पी टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यात गोड पावाची कणीक मळत असे.

"तुझी ती पेटी घरघरली ना, तर मी ती नेऊन बर्फात पुरीन, सांगून ठेवते," ती एकदा म्हणाली.

तौनो मुळातच कमी बोलायचा. त्याने माझा पंखा काढला आणि दुसरा, अगदी मुका पंखा बसवला. तेव्हापासून आजपर्यंत मी त्या घरात कधी आवाज केलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी परसातल्या लाकडी खोलीत सौना, म्हणजे फिनलंडच्या पद्धतीची वाफेची न्हाणी, तापे. वाफेत घाम गाळून, न्हाऊन, लालबुंद झालेली माणसे दिवाणखान्यात येत आणि कॉफी व वेलदोड्याचा पाव घेऊन माझ्यासमोर बसत. शेजारचा वॉल्टर तर कधी चुकायचा नाही. चित्रपट मी पुष्कळ दाखवले, पण खरी मागणी असे ती घरच्या चित्रफितींना. बर्फाला भोक पाडून केलेली मासेमारी, मुलाचे, डेनिसचे लग्न, आणि सगळ्यांची आवडती म्हणजे जूनमधली तळ्याकाठची शेकोटी.

या सगळ्या फिती तौनोने काढलेल्या. तो कॅमेरा तिकाटण्यावर बसवायचा, कळ दाबायचा आणि धावत येऊन डाव्या कडेला उभा राहायचा. मधे जागा असली तरी कडेलाच.

"तौनो, लेका, चेहरा काय भाड्याने आणलायस?" वॉल्टर फीत बघताना दर वेळी विचारायचा. "मधे उभं राहायला काय होतं तुला?"

"कॅमेरा पडला तर धरायला कुणीतरी जवळ हवं."

"आणि त्या कॅमेऱ्याकडे बघायचं तरी," लेम्पी म्हणायची. "लक्ष कुठे असतं तुझं कुणास ठाऊक."

त्यावर तौनो आणखी एक पाव उचलायचा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तौनो गेला. आयुष्यभर गप्प राहिलेला माणूस तसाच गुपचूप गेला. लेम्पीने शनिवारचा सौना बंद केला नाही. वॉल्टर येत राहिला. कॉफी झाली की ती शेकोटीची फीत लावायला सांगे. टीव्ही जुना आणि छोटा होता. तौनोचा चेहरा त्यात बोटाच्या पेराएवढा दिसे, पण दिसे. तेवढ्यावर तिचा पुढचा आठवडा निघत असे. हे मी पाहिले आहे, म्हणून सांगतो.

मग वसंतात तो छोटा टीव्ही कायमचा विझला. मुलगा डेनिस दूरच्या विनिपेग शहरातून भिंतभर रुंदीचा नवा टीव्ही घेऊन आला. त्याने मला त्याच्याशी जोडले, आईला मिठी मारली आणि कामाच्या घाईत परत गेला.

त्या शनिवारी शेकोटीची फीत सुरू झाली. तौनो कॅमेऱ्यामागून धावत आला, डावीकडे गेला, आणि दिसेनासा झाला. चौकटीच्या कडेला नुसते त्याचे कोपर उरले.

लेम्पीने कप खाली ठेवला. "तौनो कुठे गेला?"

वॉल्टर जमिनीकडे बघत राहिला.

मित्रांनो, तुम्ही रांगोळीचे ठिपके काढता ना, तसे मी चित्राचे ठिपके काढतो. किती ओळी, ओळीत किती ठिपके, हे माप म्हणजे माझे रिझोल्यूशन. त्या दिवशी मी सगळे ठिपके नेमाने पाठवत होतो, तौनोसकट. तो नवा टीव्ही मात्र आलेले चित्र जरासे फुगवून दाखवायचा आणि चारही कडा आपल्या चौकटीआड ढकलायचा. जुन्या काळी टीव्ही तसे करत, म्हणून हाही करत होता. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते.

लेम्पीने मुलाला फोन केला नाही. एवढ्या प्रेमाने आणलेल्या वस्तूत तुझे बाबाच दिसत नाहीत, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? तिने आपली खुर्ची तेवढी डावीकडे सरकवली. फीत सुरू झाली की ती मान कलती करून बघायची. दाराआडच्या माणसाला वाकून बघावे तशी बघायची. त्या महिन्यांइतके वाईट मला कधी वाटले नाही.

ऑगस्टमध्ये डेनिस आला आणि शनिवारी कॉफीला बसला.

"आई, मान धरलीय का तुझी?"

"नाही रे."

"मग अशी वाकडी का बसलीयस?"

वॉल्टरनेच सांगितले, "तुझ्या बापाला शोधतेय ती. तुझ्या टीव्हीने त्याला बाहेर काढलंय."

डेनिसचा चेहरा पडला. तो लगेच माझ्यापुढे मांडी घालून बसला आणि त्याने माझे माप बदलले. चित्रातली माणसे आडवी पसरली.

"मी एवढी जाडी होते?" लेम्पीने विचारले.

"मला अजून एक पाव हवाय," वॉल्टर म्हणाला. "तेव्हा मी काही बोलणार नाही."

डेनिसने आणखी मोठे माप निवडले. ते टीव्हीला पेलले नाही आणि पडदा काळा पडला. अशा वेळी घटकाभर थांबायचे असते. नवे माप चालेल म्हणून कुणी कळ दाबली नाही, तर मी आपणहून जुन्या मापावर परत येतो. पण डेनिसला धीर कुठला? त्याने माझी वायरच उपटली. पुन्हा जोडले, पुन्हा तेच, पुन्हा उपटली.

"संपलं हे आता, आई. बाबांनी केलं तेव्हा चांगलं होतं. आता डबडं झालंय त्याचं."

त्याने सगळ्या फिती आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि मला उचलून दाराशी, भंगारात द्यायच्या सामानाशेजारी ठेवले. तौनोच्या बर्फातल्या बुटांजवळ मी पडलो होतो. लेम्पी बघत होती.

डेनिसने लॅपटॉप टीव्हीला जोडला. "आता बघ."

तौनो धावत आला, डावीकडे गेला आणि पुन्हा नाहीसा झाला.

लेम्पी म्हणाली, "म्हणजे त्याने केलेल्या पेटीचा दोष नव्हता."

डेनिसने मान हलवली. त्याने प्रथमच टीव्हीचा रिमोट उचलला आणि मुकाट्याने एकेक पान उलगडत गेला. बऱ्याच आत चित्राच्या आकाराची एक जागा सापडली. तिथे 'जसेच्या तसे' असा पर्याय होता.

"थांब," लेम्पी म्हणाली. "आधी त्याची पेटी आण. मला त्याला त्याच्याच पेटीतून बघायचंय."

डेनिस दाराशी आला. त्याने मला उचलले, शर्टाच्या बाहीने माझी धूळ पुसली आणि फळीवर ठेवले. या वेळी तो घटकाभर थांबला, तेव्हा मी आपणहून जुन्या मापावर परत आलो. मग त्याने रिमोटची कळ दाबली. चारही कडा बाहेर आल्या आणि डाव्या बाजूला तौनो उभा होता. पायाच्या नखापासून टोपीपर्यंत पुरा आणि तळहाताएवढ्या चेहऱ्याचा. पडद्यावर एवढा मोठा तो आम्ही कुणीच पाहिला नव्हता.

डेनिस पडद्याजवळ गेला. "आई, आपण सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय. बाबा नाही बघत."

"तो कधीच बघायचा नाही. किती ओरडायचे मी त्याच्यावर."

"तुझ्याकडे बघतायत ते."

लेम्पी उठली आणि पडद्यापर्यंत गेली. छोट्या टीव्हीवर जे इतकी वर्षे दिसले नव्हते, ते तिने जवळून पाहिले. मग तिने डेनिसला मासेमारीची फीत लावायला सांगितली, नंतर लग्नाची. प्रत्येक फितीत तौनो डाव्या कडेला होता आणि प्रत्येक फितीत त्याची नजर तिच्यावर होती. वॉल्टरनेही त्या दिवशी थट्टा केली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू अडली तर तिला दाराशी नेण्याआधी, बिघाड खरेच तिचा आहे का ते पाहा. धूळ पुसा आणि घटकाभर धीर धरा. आणि तुमच्या घरात नेहमी कॅमेरा धरणारे, नेहमी कडेला उभे राहणारे जे माणूस असेल, त्याला आजच हाताला धरून मधे आणा. ते कुठे बघते आहे तेही विचारा. लेम्पीची खुर्ची आता पुन्हा मधे आहे, पण तिच्या डावीकडे ती दुसरी एक रिकामी खुर्ची ठेवते.