दहा आकड्यांचा नमस्कार

आमच्या डिंडोलीच्या घरात कॉम्प्युटर एक आणि त्यावर हक्क सांगणारे दोघं. आमचे हे त्यावर साड्यांच्या एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतात, म्हणजे कुठे कसा टाका घालायचा ते मशीनला कळेल असं काढून देतात. मुलगी चंचल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. यांचं पंचिंग विंडोजशिवाय चालत नाही, तिला लिनक्सच पाहिजे. दुसरा कॉम्प्युटर घेणं जमणार नव्हतं, तो विषय तिथेच संपला.

मग चंचलनं एकाच डब्यात दोन संसार मांडले. चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, वरची तिची, खालची यांची. बाण खाली न्यायचा, एंटर मारायचा. "पप्पा, बस एवढंच!" यांनी अट घातली, "माझं काम अडलं, तर तुझं पुसायचं." ती हो म्हणाली. पण प्रोजेक्ट द्यायला महिनाच राहिला होता, आणि तिचं पुसलं तर ती तो करणार कुठे?

पहिले चार दिवस चंचलच यांना ओळ निवडून द्यायची. सोमवारपासून तिचं कॉलेज सकाळचं झालं, सातलाच घराबाहेर. आठला हे बसले. उघडलं ते तिचं. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तिचंच.

"मी हात पण लावला नाही, रंजना! आपोआप उघडतं!"

दुपारी चंचल आली आणि पहिल्या झटक्यात यांचं उघडून दाखवलं. "पप्पा, तुम्ही एंटर चुकीच्या ओळीवर मारता."

"अगं, मी काही मारतच नाही!"

मंगळवारी सकाळी तेच. बमरोलीच्या खात्यातून, म्हणजे एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातून, भाईदास डिझाइनचा पेनड्राइव्ह न्यायला आले, अर्धा तास बसले आणि यांना "गोपालभाई, मशीन खडी है" म्हणून दुसऱ्याकडे गेले. संध्याकाळी यांनी सांगून टाकलं, "उद्या उघडलं नाही तर पुसायचं." चंचल जेवली नाही. मला दोघांचाही राग आला. बाप हट्टी, पोरगी तोंडाळ, आणि मध्ये मी भाकऱ्या थापत बसलेली.

बुधवारी मी पीठ तसंच ठेवून यांच्या मागे उभी राहिले. यांनी बटण दाबलं. दोन ओळी आल्या, खाली एक आकडा, दहा. आणि यांनी डोळे मिटून हात जोडले. कामाला बसण्याआधी मशीनला नमस्कार, ही यांची खात्यात मशीनवर होते तेव्हापासूनची सवय. नऊ, आठ, सात. व माय! आकडा तर उतरत चालला होता. यांचे ओठ हलत होते. मी कान दिला. गणपती झाला, कुलदेवी झाली, मग आमच्या अहिराणीत, "मन्ही पोरनं शिक्षण पुरं होऊ दे, देवा. तिले काही कमी पडू नको दिऊ."

आकडा संपला, तशी वरची ओळ आपोआप धरली गेली. तिचं उघडलं. मग यांनी डोळे उघडले.

"बघ! पुन्हा तिचंच! आज पुसायचं म्हणजे पुसायचं!"

हसावं की चार शब्द सुनावावेत, मला कळेना. "चहा गार होतोय, आधी तो घ्या," म्हटलं. हे स्वयंपाकघरात गेले तसं मीच बंद करून चालू केलं आणि बाण खाली नेला. काम निघालं, म्हणून हे जरा निवळले.

मी चंचलला फोन केला. ती आधी खो-खो हसली. "मम्मी, मग त्यांना सांग ना, आधी नमस्कार करा, नंतर बटण दाबा!"

"बंद मशीनला नमस्कार करतात होय गं?"

"पण एवढा वेळ मागतात तरी काय?"

मी सांगितलं. ती दुपारी आली, कॉम्प्युटरवर पाच मिनिटं काहीतरी केलं आणि जेवायला बसली.

गुरुवारी दोन ओळी आल्या, आकडा नव्हता. यांनी हात जोडले, सगळ्या देवांची नावं घेतली, पोरीसाठी मागितलं आणि डोळे उघडले. दोन्ही ओळी जागच्या जागी.

"हिनं काय केलं? पुसलं का खरंच?" यांचा आवाज घाबरल्यासारखा झाला.

"नाही हो. तुमचं देवाकडे मागून होईपर्यंत ते आता थांबतं."

"म्हणजे तू ऐकलंस?"

"चंचललाही सांगितलं."

यांनी बाण खाली नेला. एंटर मारायच्या आधी म्हणाले, "तिला सांग, वरची ओळ तिचीच राहू दे."