डाव्या चाकाचे उलटे आटे

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझा हिरवा रंग कधीच उडाला, पण इंजिन अजून दणकट आहे. सास्तूरच्या महालिंगप्पांनी मला शेतीसाठी घेतलं. बियाणं, शेळ्या, बाजाराला निघालेली माणसं, मी सगळं वाहिलं. भूकंपानंतर नवं गाव उभं राहत होतं, तेव्हा कितीतरी घरांचे पत्रे मीच आणले. लोक बॉनेटवर थाप मारून माझं कौतुक करायचे.

महालिंगप्पांनी थोरल्या लेकीला, शांताक्काला, मोकळ्या रानात मला चालवायला शिकवलं. ढेकळांवरून उडत जाताना ती मोठ्यानं हसायची. पुढं तिचं लग्न झालं. सासरी बाईनं गाडी चालवायची पद्धत नव्हती. महालिंगप्पा गेले, धाकट्या लेकानं, गौरीशंकरनं, ट्रॅक्टर घेतला आणि मी गोठ्यामागच्या पत्र्याखाली उभी राहिले. टायर बसले, ब्रेक चिकटले, चाकं जाम झाली. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. मला त्यांचा राग आला नाही. तेवढीच सोबत.

यंदा पंचमीला शांताक्का माहेरी आली. केस पांढरे, गुडघे दुखरे. माझ्या जागी गौरीशंकरला सोयाबीन ठेवायचं होतं आणि त्यानं भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. चाकं फिरली तर गाडी ठेवशील का, असं अक्कानं विचारलं. तो म्हणाला, ठेवीन, पण ब्रेक सोडवायला आधी चाकं काढावी लागतील, आणि नट पार गंजलेत, ते काही निघायचे नाहीत.

अक्कानं पदर खोचला. गौरीशंकरची बायको मंजुषा तारेचा ब्रश घेऊन मदतीला आली. दोघींनी उजव्या बाजूचे नट घासले, त्यांवर डिझेल सोडलं आणि चांगलं मुरू दिलं. मग हातोडीचे हलके ठोके. पान्याला लांब पाईप लावून नट आधी जरासा आवळायचा, मग सोडायचा. कर्र करून पहिला नट फिरला, तेव्हा माझ्या अंगातून शिरशिरी गेली. लांबून बघणारा गौरीशंकरही बाह्या सारून आला.

डाव्या चाकांनी मात्र दाद दिली नाही. डिझेल झालं, ठोके झाले, तिघं मिळून पाईपला लोंबकळले. शेवटी एक बोल्ट कडकन तुटला. गौरीशंकरनं पाईप खाली टाकला.

"अक्का, बास कर आता," तो म्हणाला आणि त्यानं भंगारवाल्याला फोन लावला.

मित्रांनो, काय चुकतंय ते मला ठाऊक होतं. पण मला बोलता कुठं येतं? अक्का तिथंच मातीत बसून राहिली. मंजुषा उगाच शेजारचा बोल्ट घासत होती. घासता घासता थांबली.

"वन्सं, हितं इंग्रजी एल हाय बघा."

शांताक्कानं बोट फिरवून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"शंकर, एल म्हंजी लेफ्ट, डावं! आप्पा सांगायचे की रं, डाव्या चाकाचे आटे उलटे असतेत. आपण सोडत न्हाय, आवळत होतो."

गौरीशंकरनं खाली टाकलेला पाईप उचलला. मग त्यानं पाना उलट्या दिशेला लावला आणि हळूहळू जोर दिला. नट फिरला. मग दुसरा, तिसरा. भंगारवाला आला तेव्हा तिघंही माझ्याजवळ बसून लहान पोरांसारखी हसत होती. त्याला मंजुषानं चहा दिला. चहा पिऊन त्यानंही जॅक धरला.

नवा बोल्ट, नवे टायर, सुटे झालेले ब्रेक, नवी बॅटरी. ज्या दिवशी मी सुरू झाले, त्या दिवशी कोंबड्या ओरडत पळाल्या. शांताक्कानं स्टिअरिंग हातात घेतलं. पहिल्यांदा गिअर पडला नाही, दुसऱ्यांदा पडला. गौरीशंकर शेजारी बसला, मंजुषा मागं, आणि आम्ही शेतवाटेनं अक्काच्या सासरी निघालो.

वाड्यावस्त्यांवरची माणसं वाटेत थांबून बघत होती. दारात पोचलो तेव्हा अक्काची म्हातारी सासू, द्वारकाबाई, काठी टेकत बाहेर आली. कुणी आणून सोडलं, असं तिनं विचारलं.

"कुणी न्हाय, आत्याबाई. मीच आले," शांताक्का म्हणाली.

द्वारकाबाईनं माझ्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग काठी मंजुषाच्या हातात दिली आणि म्हणाली, "व्हय? मग मलाबी एक फेरी मारून आण."

मित्रांनो, तुमच्याही घरामागं माझ्यासारखं कुणी उभं असेल. त्याला भंगारात घालण्याआधी एकदा जवळ जाऊन नीट बघा. आता मला निघायला हवं. म्हातारी सीटवर बसली आहे आणि तिला घाई आहे.