पडद्यावरची मुंगी

‘आजूबाजूला नीट बघा’ हा पाठ खेळातून शिकवायचा, म्हणून घरच्यांची बोलणी खात मी रविवारभर बसून कॉम्प्युटरवर मुंग्यांचा खेळ बनवला. सोमवारी वर्गात पडद्यावर तो सुरू केला, तर एक मुंगी काही केल्या ऐकेना. मी माउस बडवला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी ती आपली तुरुतुरु चालतच होती.

“बाई, ती खरी आहे,” पहिल्या बाकावरची चिमुरडी म्हणाली.

बघता बघता सगळा वर्ग पडद्याला नाक लावून उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदाच कुणी हूं की चूं करत नव्हतं.

आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, खेकसले, “जागेवर बसा आधी! आपल्याला मुंग्या बघायच्या आहेत ना?”