सारखाच पवित्रा

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हाती घेऊन धावता येते, नाहीतर तो हवेतून साथीदाराकडे फेकता येतो; पण नेब्रास्काच्या या टोकाला असा पास हा अविचार समजला जाई. आजोबांनी चेंडू छातीशी कवटाळून धावत नेला, बापाने नेला, नातवानेही तसाच न्यावा, असा अलिखित दंडक होता. प्रतिपक्षाचे काम त्यामुळे सोपे झाले होते. धाव असली की आघाडीच्या फळीतली मुले बोटे गवतात रोवून पुढे झुकत. क्वचित पास असला की नकळत टाचांवर रेलत. चेंडू हलण्याआधीच समोरच्यांना उत्तर कळे.

एल्डन व्रबा शाळेत रसायनशास्त्र शिकवी आणि संघाच्या आक्रमणाची आखणी करी. त्याचा उपाय सरळ होता. पवित्रा एकच, पहिले पाऊलही एकच; मधली मुसंडी, कडेचा वळसा, आखूड पास, लांब पास, सारे त्यातूनच निघावे.

शुक्रवारच्या सामन्यात संघ चार गुणांनी मागे होता. चार प्रयत्नांतला शेवटचा; चेंडू आपल्याकडे राखायला एक यार्ड पुढे जायला हवे. एल्डनने पास सांगितला. मोकळ्या उभ्या मुलाच्या हातातून चेंडू निसटला.

कठड्यावरून म्हातारा हार्लन हातातला कोलाचे, फळांचा गोड पाव, चघळत ओरडला, "अहो मास्तर, चेंडू आहे तो, वाफ नाही. उडवायचा नसतो."

मुख्य कोच बर्ट स्कोव्हगार्ड तरातरा आला. "एक यार्ड, एल्डन. माझ्या आईनंसुद्धा धावून काढलं असतं."

"आईंनाही मी त्याच पवित्र्यात बसवलं असतं. पोरगा मोकळा होता, बघितलंस ना?"

"लोक काय बोलतायत, ऐकतोयस?"

"ऐकतोय. तो पुरावा नाही."

"यापुढे असलं काही फसलं, तर डाव सांगायचा हेडफोन माझ्याकडे द्यायचा. सोमवारपासून तू आणि तुझ्या परीक्षानळ्या."

चेंडू परत मिळाला तेव्हा एल्डन एकाच माणसाकडे पाहत होता: प्रतिपक्षाच्या मधल्या राखणदाराकडे. एल्डनच्या फळीची बोटे गवतात रुतलेली दिसली की हा गडी आतापर्यंत डोळे मिटून झेपावत असे. या वेळी बोटे तशीच रुतली, पण तो चवड्यांवर उभा राहून मागे पाहू लागला. पुढच्या डावाला एल्डनने मधली मुसंडी सांगितली. राखणदार क्षणभर थबकला. तेवढ्यात चेंडू घेऊन धावणारा टेट त्याला ओलांडून थेट अखेरच्या रेषेपार गेला. सहा गुण मिळाले आणि संघ दोन गुणांनी पुढे गेला.

बर्टने एल्डनच्या पाठीवर थाप मारली. "बघ. धाव. मी काय सांगत होतो?"

"तो थबकला म्हणून वाट मिळाली. आणि थबकला तो मघाच्या पासमुळे."

"एका धावेवरून एवढं? सुतावरून स्वर्ग गाठतोयस."

"खरंय. एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं नाही. म्हणून पुन्हा करून बघायचं. चेंडू हाती आला की पहिलाच डाव लांब पास."

"आघाडीवर असताना? गाव फाडून खाईल."

"खाऊ दे. हेडफोन हवा असेल तर आत्ता घे. नंतर मागितलास तर देणार नाही."

बर्टचा हात अर्ध्यापर्यंत आला. मग त्याने तो जाकिटाच्या खिशात घातला आणि मैदानाकडे तोंड फिरवले.