बर्केटांच्या घरची खूण

मी एक जुने मातीचे भांडे आहे. तपकिरी झिलईचे, लांबट, चार बोटे खोल. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे आणि पोटात एका बाजूला तांबूस डाग आहे. तो कशानेही निघत नाही. पण मित्रांनो, एवढ्यावरून मला बिचारे म्हणू नका. उत्तर इंग्लंडच्या डोंगरात हाय बेक नावाचे मेंढक्यांचे घर आहे. त्या घरातल्या चुलीवरची फळी माझी आहे. तिथे चांदीच्या चमच्यांनाही जागा मिळालेली नाही.

एका तापट म्हाताऱ्या कुंभाराने मला घडवले. भट्टीत माझ्या दोन्ही बाजूंची भांडी तडकली, मी मात्र धड बाहेर आले. त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून माझ्या बुडाशी आहे. जत्रेत त्याने मला हॅना बर्केटच्या हातात दिले आणि म्हणाला, "घे बाई, हे तुझ्या नातवंडांनासुद्धा जेवू घालेल." माल खपवायला सगळेच असे बोलतात. माझ्या बाबतीत ते खरे ठरले. ही माझी फुशारकी समजा हवी तर.

हॅना ही जॉस बर्केटची बायको. जॉस मेंढपाळ, त्याचा बापही मेंढपाळ. घरात रविवारी मेंढीची मांडी भाजली जायची आणि सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. त्या दिवशी नवा स्वयंपाक करायला कुणाला सवड? मग उरलेले मटण हॅना टेबलाला घट्ट बसवलेल्या यंत्रातून काढून त्याचा खिमा करायची. कांदा आणि गाजर चरबीत परतायची, त्यात खिमा आणि रविवारचाच दाट रस्सा घालून ते सगळे माझ्या पोटात ओतायची. वरून लोणी आणि गरम दूध घालून कुस्करलेल्या बटाट्यांचा जाड थर. हा थर ती आधी कडांना चिकटवायची आणि मग आत आत आणायची. मधूनच सुरुवात केली तर मला भाजायला चुलीच्या बंद कप्प्यात सरकवल्यावर रस्सा कडेने उसळून वर येतो आणि आत सांडतो. ह्या पदार्थाचे नाव शेफर्ड्स पाय, म्हणजे मेंढक्यांचा पाय. हसू नका मित्रांनो, ह्यात कुणाची तंगडी नसते. सारण भरून भाजलेल्या अशा पोटभर जेवणाला तिकडे 'पाय' म्हणतात.

बटाट्यावर काट्याने रेघा ओढतात, म्हणजे त्यांचे कंगोरे चुलीत खरपूस होतात. सगळीकडे नुसत्याच रेघा असतात. हाय बेकमध्ये मात्र त्यांना अर्थ होता.

आमच्या डोंगरावर कुंपणे नाहीत. सगळ्यांच्या मेंढ्या एकाच रानात चरतात. म्हणून प्रत्येक घर आपल्या मेंढ्यांच्या लोकरीवर गेरूची खूण करते. बर्केटांची खूण म्हणजे डाव्या कुशीवर एक तिरपी रेघ आणि तिच्याखाली एक ठिपका. चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलेली मेंढी पानगळीच्या दिवसांतल्या मेळ्यात मालकाला परत द्यायची असते. तोवर तिचे चारापाणी जिथे ती सापडली त्या घराने करायचे. परक्या खुणेची मेंढी जो ठेवून घेतो, त्याच्याशी डोंगरात कुणी बोलत नाही. प्रार्थनाघरातल्या सामुदायिक जेवणाला घरोघरची भांडी यायची आणि सगळी सारखीच दिसायची. तेव्हा हॅनाने डोके लढवले आणि बटाट्याच्या डाव्या कोपऱ्यात आपली तिरपी रेघ आणि ठिपका काढला. पुढे ती सवयच झाली. दर सोमवारी मी बर्केटांची खूण कपाळी लावून टेबलावर जायचे. जॉस पहिल्यांदा त्या खुणेकडे पाहायचा आणि मग बायकोकडे. कडेचा करपून कुरकुरीत झालेला भाग ती त्याच्या ताटात वाढायची. मित्रांनो, राजाच्या मुकुटालाही एवढा मान मिळत नसेल.

मग एका वसंतात, कोकरे जन्मत असताना, हॅना वारली.

जॉसने मला फळीवरून काढले आणि मेंढ्यांच्या छपरात नेले. त्याने माझ्यात गेरू ओतला, तेल ओतले आणि काठीने ढवळले. मी त्याला दोष देत नाही. फळीवर मी दिसले की त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे मला ठाऊक होते. पण वाईट वाटायचे ते वाटलेच. ज्या पोटात लोणी वितळायचे, त्यात तांबडा चिखल सुकू लागला. कोंबड्या येऊन टोचून जात. माझा टवका त्याच उन्हाळ्यात उडाला.

त्याच उन्हाळ्यात जॉसचा मुलगा रोलंड लग्न करून विनीला घरी घेऊन आला. विनी गिरणीगावात वाढलेली. सूत तुटले तर डोळे मिटून जोडील, पण मेंढी तिने फक्त ताटात पाहिलेली. सासऱ्याला खूश करायचे म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने खाटकाकडून खिमा आणून शेफर्ड्स पाय केला. पुढचे मी छपरात रोलंडच्या तोंडून ऐकले. जॉसने एक घास घेतला.

"हे कशाचं आहे?"

"गाईचं, बाबा. आमच्याकडे असंच करतात."

"गुराख्याचं जेवण मेंढक्याच्या ताटात!" एवढे बोलून तो उठला. त्या दिवसापासून तो छपरात उभ्या उभ्याच पाव आणि चीज खाऊ लागला. पानगळ आली तेव्हा त्याने सांगून टाकले, "मेळा झाला की शनिवारी मी समुद्रकाठी बहिणीकडे जातोय. कायमचा."

रोलंडने पुष्कळ समजावले. एकट्या माणसाच्याने तो डोंगर सांभाळला जाणार नव्हता. बाप गेला असता तर कळपही विकावा लागला असता. विनी रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, हे रोलंडलाच छपरात कुत्र्याला सांगताना मी ऐकले. "तिला वाटतं बाबा तिच्यामुळे चाललेत," तो म्हणाला. कुत्र्याने शेपटी हलवली. सल्ला देण्याच्या बाबतीत आमच्याकडची कुत्री काही कामाची नाहीत.

मेळ्याच्या आधीच्या सोमवारी विनी छपरात अंडी शोधायला आली आणि माझ्यापाशी थबकली. तिने मला उचलले, उलटे केले आणि कुंभाराच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला.

"अगं बाई, तू तर आईंचं भांडं," ती पुटपुटली. रोलंडने तिला माझ्याबद्दल आणि बटाट्यावरच्या खुणेबद्दल कधीतरी सांगितले असणार.

तिने मला उकळत्या पाण्यात बुडवले. सोडा आणि बारीक वाळू घेऊन घासघास घासले. गेरू निघाला, झिलई चमकू लागली, फक्त तो एक डाग हटेना. "राहू दे," ती म्हणाली. आदल्या दिवशी भाजलेल्या मेंढीच्या मांडीचे मटण तिने यंत्रातून काढले. ह्या वेळी तिने काही म्हणजे काही चुकवले नाही. बटाटे कडेकडूनच आत आणले. मी श्वास रोखून होते.

मग तिने काटा हातात घेतला आणि ती अडली. खूण काढायची, पण ती दिसते कशी? रोलंड डोंगरावर गेलेला, आणि बर्केटांचा कळप उन्हाळाभर वरच्या रानातच असल्याने तिने तो जवळून पाहिलेला नव्हता. तिने खिडकीतून बाहेर पाहिले. खिडकीखालच्या लहानशा कोंडवाड्यात चार मेंढ्या उभ्या होत्या, पाठीवर ठसठशीत दोन आडव्या रेघा असलेल्या. विनीचा चेहरा उजळला. तिने तशाच दोन रेघा माझ्या बटाट्यावर झोकात ओढल्या.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. मेळ्याच्या आठवड्यात घराजवळ वेगळ्या कोंडलेल्या मेंढ्या आपल्या नसतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळते. त्या चुकार मेंढ्या होत्या, मालकाची वाट पाहणाऱ्या. पण गिरणीगावच्या मुलीला हे कोण सांगणार? मी त्या परक्या रेघा कपाळी घेऊन चुलीत गेले आणि त्या चांगल्या खरपूस भाजल्या गेल्या.

संध्याकाळी रोलंड परतला. विनीने मला टेबलाच्या मधोमध ठेवले आणि मुद्दामच दार उघडे टाकले. माझा वास अंगण ओलांडून छपरात गेला. थोड्या वेळाने जॉस दारात येऊन उभा राहिला, टोपी न काढता.

"हे भांडं गेरूचं आहे," तो म्हणाला.

"हे भांडं आईंचं आहे," विनी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती म्हणाली.

जॉस जवळ आला आणि माझ्यावर वाकला. "आणि हे काय काढलंयस?"

"खूण."

"कुणाची?"

"आपली."

"पोरी, ही एफ्राइम टायसनची खूण आहे."

रोलंडने कपाळावर हात मारला. विनीचे डोळे भरून आले. आता हा माणूस पाठ फिरवणार आणि शनिवारपर्यंतही थांबणार नाही, असेच तिला वाटले. मलाही तेच वाटले. जॉस मात्र हलला नाही. माझ्याकडे पाहत त्याने हनुवटी खाजवली.

"रोलंड, ओढ्यापलीकडे जा. एफ्राइमला म्हणावं, तुझं एक मेंढरू आमच्याकडे आलंय. घेऊन जा."

"बाबा, काहीतरीच काय! हे जेवण आहे."

"खूण ती खूण. माझ्या घरात परक्या खुणेला कुणी हात लावायचा नाही. ए पोरी, तोवर ते चुलीच्या तोंडाशी ठेव. चारापाणी आपल्याकडे आहे त्याचं."

त्याच्या मिशीखाली काहीतरी हलल्यासारखे मला वाटले. पण त्या मिशीखालचे आजवर कुणाला नीट दिसलेले नाही.

एफ्राइम टायसन धापा टाकत आला, हातात दोर आणि मागे कुत्रा. "कुठाय? पाय मोडलाय का तिचा?" विनीने मला टेबलावर ठेवले. एफ्राइमने माझ्याकडे पाहिले, जॉसकडे पाहिले आणि हळूच दोर खाली ठेवला.

"दोन रेघा. माझीच की रे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण जॉस, माझ्या एकाही मेंढीला असा सोनेरी रंग चढलेला नाही. कुणी सांभाळली हिला?"

"माझ्या सुनेनं," जॉस म्हणाला.

विनी लग्न होऊन आल्यापासून हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. तिने घाईघाईने पाठ वळवून ताटे काढायला घेतली. खरे तर ताटे आधीच मांडलेली होती.

"चारापाणी तुम्ही केलंत, तेव्हा निम्मी तुमची," एफ्राइम खुर्ची ओढत म्हणाला. "बस की. मी काय एकटाच जेवू? पाहुणा बसलाय आणि घरधनी उभा, हे हॅनानं चालवून घेतलं असतं का? लाटणं घेऊन मागे लागली असती तुझ्या."

जॉस बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. विनीने वाढायला चमचा उचलला तसा त्याने तिचा हात थांबवला. "ती कडेची करपलेली खपली माझी." त्याने ती स्वतःच्या हाताने खरवडून घेतली, खाल्ली आणि तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"कसं झालंय, बाबा?" शेवटी विनीने विचारलेच.

"मीठ कमी आहे," जॉस म्हणाला आणि ताट पुन्हा पुढे केले.

आमच्या डोंगरात ह्याहून मोठी वाहवा नाही, मित्रांनो. मी तर आतून खरवडले जात असतानाही फुलून गेले होते. चौघांनी मिळून मला लखलखीत रिकामे केले.

निघताना एफ्राइमने कोंडवाड्यातल्या आपल्या चार मेंढ्याही सोबत घेतल्या आणि दारातून ओरडला, "पुढच्या सोमवारी माझं मेंढरू पुन्हा चुकून इकडे आलं तर कळवा रे! भूक ठेवून येईन."

"नाही यायचं," जॉस ओरडला. "पुढच्या सोमवारी पोरगी बरोबर खूण काढेल. मी शिकवणार आहे तिला."

विनीच्या हातातला फडका थांबला. "पुढच्या सोमवारी? बाबा, तुम्ही तर शनिवारी..."

"बहिणीकडे काय, मासेच मासे," जॉस म्हणाला. "मेंढक्याच्या पोटाला ते सोसत नाहीत."

त्याने मला उचलले, पुसले आणि उलटे केले. खिशातून चाकू काढून माझ्या बुडाशी, कुंभाराच्या अंगठ्याशेजारी, जपून एक तिरपी रेघ आणि तिच्याखाली एक ठिपका कोरला. मला थोडे दुखले. पण सांगते ना, ते दुखणे मी जन्मभर मिरवते आहे.

आता जॉस नाही. विनीचे केस पांढरे झाले आणि तिची नातवंडे माझ्यातून जेवतात, म्हणजे तो कुंभार खोटे बोलला नव्हता. ती प्रत्येक मुलाला आधी मला उलटे करून ती खूण दाखवते आणि मगच बटाट्यावर काढायला लावते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने भांडे असेल, माळ्यावर खिळ्यांनी भरलेले किंवा अंगणात कोंबड्यांपुढे पडलेले. ते चुकार आहे, टाकाऊ नव्हे. त्याला घरी आणा, घासा, त्यात काहीतरी ऊन ऊन शिजवा. तो डाग निघाला नाही तर राहू द्या. माझाही राहिला आहे, आणि दर सोमवारी त्याच्यावर बटाट्याचा जाड थर बसतो.